चपलांच्या कपाटातला सर्व्हर

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या डाव्या हातात एका निवृत्त बँक मॅनेजरची वरची कवळी होती आणि उजव्या हातात फोन. कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो मेणात दात रचतो. फोनवर त्याच्या दुसऱ्या, बिनपगारी नोकरीचं पान उघडलं होतं: घरच्या सर्व्हरचा कारभार पाहण्याचं.

सर्व्हर म्हणजे पडदा फुटलेला जुना लॅपटॉप. त्याचा मुक्काम चपलांच्या कपाटात, वरच्या खणात. घरातले सगळे फोटो त्याच्यात, आणि बायको पोहायला शिकवते त्या वर्गांचं वेळापत्रकही. कारभाराचं पान त्यानं स्वतः मराठीत बनवलं. हिरवा ठिपका म्हणजे चालू, शेजारी तापमान, खाली मोठाली बटणं. तेव्हापासून बायको त्याला 'अ‍ॅडमिनसाहेब' म्हणते. कौतुकानं नव्हे.

कारण तीन आठवडे सर्व्हर रोज दुपारी बंद पडत होता आणि चहाच्या सुमारास आपोआप चालू होत होता. त्यानं वायर बदलली, प्लग बदलला, कपाटाच्या दाराला भोकं पाडली. नोंदींमध्ये रोज तीच ओळ: 'अ‍ॅडमिनने बंद केला.' अ‍ॅडमिन तर तोच, आणि दुपारी त्याचे दोन्ही हात मेणात. कुठून बंद केला, हे नोंदवायचं पान बनवताना त्याला सुचलं नव्हतं. त्यानं निष्कर्ष काढला की कोणीतरी बाहेरून शिरतंय. चोर रविवारची सुट्टी घेतो, हे त्याला खटकलं होतं. पण चोरालाही घरदार असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

त्या सकाळी बायकोनं निकाल देऊन टाकला होता. "आज बंद दिसला तर फोटो पुन्हा आपापल्या फोनमध्ये, आणि तुझा डबा भंगारात. चपला बिचाऱ्या कधीच्या उघड्यावर पडल्यात."

म्हणून त्यानं चोराची वाटच बंद करायची ठरवलं. पानावरचं 'बाहेरचं दार' हे बटण त्यानं अंगठ्यानं बंद केलं. आता घराबाहेरून कोणालाच सर्व्हरपर्यंत पोचता येणार नव्हतं.

पान पांढरं झालं. तोही घराबाहेरच होता.

बायकोही तलावावर. एक वाजता वर्ग संपला की ती वेळापत्रक उघडणार, आणि तिच्या लेखी सर्व्हर बंदच असणार. दार आता फक्त घरातून उघडता येत होतं, आणि घरात होत्या सासूबाई. त्यानं फोन लावला.

"आई, फ्रिजवरचा टॅबलेट घ्या."

"थांबा जावईबापू, तुमची कवळी घालते." त्यांचे दात त्यानंच बनवलेले. "हां. बोला."

"एक पान उघडायचंय. पासवर्ड सांगतो..."

"ते उघडंच असतं की. हिरवा ठिपका आहे. तापमान अठ्ठावन्न. काल या वेळी साठ होतं."

"काल? तुम्ही हे पाहता?"

"रोज. पासष्ट झालं की डब्यातला पंखा असा भणभणतो, जसा उशीत भुंगा. कपाट माझ्या उशाशीच ना, मधे नुसती भिंत."

"मग?"

"मग काय, मी बंद करते. झोपून उठले की कपाट उघडून चालू करते."

बोटाखाली मेण दबलं आणि बँक मॅनेजरचा पुढचा दात वाकडा झाला.

"रोज बंद करता?"

"रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी. तुमच्या घोरण्यापुढे पंख्याची काय बिशाद! आणि मी परस्पर नाही हो करत. ते विचारतं, 'खरंच बंद करू का?' या घरात मला विचारणारं तेवढं एकच आहे."

त्याला हसू फुटलं. इतकं, की पलीकडे दवाखान्यातल्या खुर्चीवर तोंड उघडून बसलेला पेशंटही आतल्या कापसासकट हसला आणि डॉक्टरीणबाईंना हात मागे घ्यावा लागला.

सासूबाईंनी 'बाहेरचं दार' उघडलं. पान परत आलं. मग त्याला आठवलं, दुपारी दोनला पंखा का भणभणतो ते. सगळ्या फोटोंची दुसरी प्रत काढायचं काम त्यानंच दोनला लावलं होतं, तेव्हा घरात कोणाची अडचण नसते म्हणून. ती प्रत तीन आठवड्यांत रविवार सोडून एकदाही पूर्ण झाली नव्हती.

"आई, तुम्ही फिरायला कधी जाता?"

"साडेनऊला. तासभर. गुडघा बरा असला तर दीड."

त्यानं काम साडेनऊवर नेलं. "आता दुपारी भुंगा नाही. पण बंद करू नका हं."

"झोप लागली तर कशाला करू? आणि हे बघा, मी बंद करत होते हे लेकीच्या कानावर नको."

"आणि मी स्वतःला बाहेर कोंडलं, हेही नको."

"ठरलं."

संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, "दिवसभर चालू होता? काय केलंस?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी काय करायचंय? मी केला दुरुस्त."

बायकोनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पायातल्या चपला नेहमीसारख्या कपाटाबाहेरच काढून ठेवल्या.

पानावर आता दोन नावं आहेत. सासूबाई अ‍ॅडमिन एक, तो अ‍ॅडमिन दोन. या क्रमावर घासाघीस झाली नाही. फोटोंची प्रत उद्या सकाळी साडेनऊला सुरू होईल.