गळ्यातली सवत

मी दीड वर्षाची असताना आई गेली. तिचा फोटो एकही नाही. बापू तमिळ मुलखात गलाईच्या धंद्यात, म्हणजे मोडीतलं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि रिवाजाप्रमाणे नव्या बायकोच्या गळ्यात सवत घातली. सवत म्हणजे मेलेल्या पहिलीचा चांदीचा टाक, तिची ठसवलेली मूर्त. त्यावर एक उभी बाई, हातात कसलंतरी भरलेलं शिंग. पाठीमागं एक नाकाड्या माणूस होता. त्याला मी बरीच वर्षं आजोबा समजत होते.

दुसरीला मी कधी आई म्हटलं नाही, मावशीच म्हणायचे. सणाचा पहिला घास ती टाकाला लावायची, "जेव गं बाई," म्हणायची, मगच मला वाढायची. मी तिच्या मांडीवर बसायचे तेही टाक धरायला. "ही माजी आई, तू न्हवंस," असं तोंडावर सुनावायचे. लय आगाऊ होते. ती म्हणायची, "व्हय गं, तुजीच."

मागल्या महिन्यात मावशी कडेगावात वारली. तिच्या दागिन्यांतला मी फक्त टाक मागितला. कडी झिजली होती, म्हणून सांगलीत सोनाराकडे नेला.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. "ताई, हा टाक न्हाई. रोमन लोकांचं जुनं नाणं हाय. ही त्यांची देवी, मागं त्यांचा राजा."

म्हणजे मोडीत आलेल्या नाण्याला कडी लावून बापूंनी ते आई म्हणून खपवलं. बापू तरी आता कुठं आहेत भांडायला! मी नुसती समोरचा तराजू बघत बसले.

"तुमच्या आईंना तवाच सांगितलं हुतं की," तो म्हणाला.

"कोणत्या आईंना?"

"कडेगावच्या. टाक आता तुमच्याकडंच आला म्हणून सांगतो, ही कडी मीच बदलली, झाली सात-आठ वर्षं. त्यांनी टाक परत गळ्यात घातला. मग म्हणाल्या, पोरीला सांगू नगा, तिला आई एवढीच हाय."

सात-आठ वर्षं. दर दिवाळीला मी जात होते. दर दिवाळीला ती माझ्यादेखत त्या परक्या देवीला करंजी लावत होती, "जेव गं बाई," म्हणत होती.

"मग काय करू ताई? कडी लावू?"

"लावा," मी म्हणाले. "माज्या आईचं हाय ते."