बुडबुडेबाई

रबरी नळीला सुई टोचतानाही "दुखलं नाही ना?" असं विचारणारी आमच्या पार्ल्याच्या प्रयोगशाळेत एकच व्यक्ती होती, बुडबुडेबाई. नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या दारावर चिकटवून टाकलं.

बाई सोनोग्राफीचे बुडबुडे बनवायच्या. चरबीच्या पातळ सालीत वायू भरलेले, रक्तातल्या तांबड्या पेशीहून लहान. शिरेत सोडले की पडद्यावर चमकतात आणि रक्त कुठे पोचतंय ते दिसतं. बाईंना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. सालीत कर्करोगाचं औषध भरायचं आणि गाठीपाशी ध्वनिलहरींचा जोर वाढवून बुडबुडा तिथेच फोडायचा! "दुखणं घाटकोपरला, आणि औषध मुलुंडपर्यंत सगळ्यांची झोप मोडत जातं. हे काय बरं?" असं त्या म्हणायच्या.

बुडबुडे वर तरंगतात, म्हणून टोचण्याआधी बाटली तळहातांत हळूच फिरवायची. मी जोरात हलवली की ओरडा ठरलेला, "अगं वंदना, कोकम सरबत करतेस का?"

सोनोग्राफीचं यंत्र उसनं होतं आणि संध्याकाळी परत जाणार होतं. त्याआधी बुडबुडे ठरल्या जागी फुटलेले दिसले नाहीत, तर बाईंचा प्रकल्प बंद. जेलीच्या ठोकळ्यातून नेलेली नळी ही आमची रक्तवाहिनी. दुपार झाली तरी पडदा काळाच. मी बाटली, नळी, यंत्र क्रमाने तपासलं. सगळं ठीक. यंत्र चालवणारे साळवी म्हणाले, "बाई, वाट लागली. तुमचे पाहुणे घरातून निघालेच नाहीत."

"निघालेत हो! बाटलीत जिवंत आहेत, मग वाटेत कोण मारतंय?" बाईंनी सिरिंज डोळ्यांसमोर धरली आणि कपाळावर हात मारला. "मीच! पेशंटला दुखू नये म्हणून केसाएवढी बारीक सुई घेतली. एवढ्या चिंचोळ्या वाटेतून दाबून ढकलल्यावर फुटणारच ना! वंदना, जाड सुई दे. सगळ्यात जाड!"

मी दिली. पडदा उजळला. साळवींनी नळीवर गाठीची जागा म्हणून केलेल्या खुणेपाशी ध्वनिलहरींचा जोर वाढवला. खुणेपर्यंत लखलखाट, पुढे काळोख!

"फुटले! बरोब्बर जागेवर फुटले!" बाईंनी साळवींच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा चष्मा जेलीत पडला.

प्रकल्प वाचला. बाई आता निवृत्त होऊन बोरिवलीला असतात. बुडबुडे पेशंटपर्यंत पोचायला अजून बऱ्याच चाचण्या आहेत. परवा मी फोनवर सांगितलं, पुढच्या चाचण्यांना परवानगी मिळाली. पलीकडून अशी आरोळी आली की मी फोन कानापासून लांब धरला.

"वंदना, आता मरायला वेळ नाही गं!"