अक्काचा दिवा

एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळचे अकरा. दवाखान्याच्या खोलीत हजर: भावजी, त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या शबानाभाभी आणि मी. कुसुमअक्का, माझी थोरली बहीण, त्या दिवशी शेवटचं बोलली. दुखण्याबद्दल नाही. "दिवा बदललास का गं?" मी "व्हय" म्हणाले. नवा दिवा डब्यासकट माझ्या पिशवीतच होता... मंगळवारी ती गेली.

फुलंब्रीजवळ आमच्या बाबांचा पानमळा होता. लागोपाठच्या दुष्काळात विहीर आटली, मळा वाळला. वेलीचा शेवटचा जिवंत तुकडा अक्कानं ओल्या गोणपाटात गुंडाळून आपल्या गारखेड्याच्या फ्लॅटवर आणला. पानवेल जुन्या वेलीच्या तुकड्यावरूनच लावतात. हा गेला की बाबांचं काहीच उरणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. बाल्कनीत ती दोन वर्षं तगली. मग समोर सात मजले उभे राहिले, उजेड गेला, आणि कुंडी आतल्या खोलीत एलईडीखाली आली.

दिवा निवडायचं काम अर्थात माझ्याकडं. औरंगपुऱ्यातली चार दुकानं फिरले, वहीत रकाने आखले: किंमत, वॅट, गॅरंटी. सगळ्यांत झगझगीत दिसला तो घेतला. अक्कानं तो लावला, पानांच्या उंचीवर तळहात धरला आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. मळ्यात सावली पुरते का, हे बाबा असंच बघायचे.

"बाई, हा लग्नाच्या मांडवाचा दिवा आणलास. हाताला ऊब लागतीय, म्हणजे वीज तापण्यात चाललीय. अन् माती तापली की पाणी कुठून आणू?"

नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. तांदूळ धुतलेलं पाणी ती वेलीसाठी राखून ठेवायची. माझ्या वहीत पाण्याचा रकानाच नव्हता. तिला हवा होता कमी वॅटचा, थंड राहणारा, त्या थोड्या विजेतही झाडाच्या उपयोगाचा उजेड जास्त देणारा. तोवर तिनं माझाच दिवा वर टांगला, तर पानं बारीक यायला लागली. खाली घेतला की कडा करपायच्या. मी यादीत 'दिवा बदलणे' लिहिलं आणि मार्चअखेरच्या कामांत ते मागं पडत गेलं. नवा दिवा आणला तेव्हा अक्का दवाखान्यात होती.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी फ्लॅटवर गेले. दवाखाना सुरू झाल्यापासून किल्ली शबानाभाभींकडंच होती. घरच्या पिंपातून रोज तांब्याभर पाणी त्यांनी घातलं होतं. "पानी तो रोज डाली मैं, बाजी. शाम तक मिट्टी सूखीच." प्रत्येक पेर मी नखानं खरवडून पाहिलं. आत हिरवं कुठंच नाही, सगळीकडं तपकिरी.

दिव्याला अक्कानं टायमर लावलेला आहे. सकाळी सहाला तो आपोआप लागतो, संध्याकाळी विझतो. काढू का, असं भावजींना दोनदा विचारलं. "राहू दे," म्हणाले, तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही. नवा दिवा माझ्या कपाटात आहे, सील न फोडलेला. दर रविवारी मी नवी यादी करते, मागच्या आठवड्यातलं राहिलेलं वर उतरवून घेते. सहा आठवडे पहिल्या ओळीत तेच आहे: अक्काचा दिवा बदलणे.