टाकीसोबत आलेलं घड्याळ

अंबाजोगाईच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि जुनी, भारी मनगटी घड्याळं जमवत होतो. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याबद्दल घरी बोलणी.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. आमच्या गल्लीत टँकरचा भोंगा वाजला की मी वर्ग सोडूनही हंडे घेऊन धावलेलो आहे. अशा दिवसांत बीडच्या चाचांचा फोन आला. हे चाचा म्हणजे म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले आणि या नादातले माझे गुरू.

"सर, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या सामानाचा लिलाव हाय. त्यात पहिल्या चेअरमनसाहेबांचं घड्याळ हाय. मी एकदा साफ केलतं. सोन्याची केस, स्विस मशीन. तसलं पुन्हा हातात न्हाई आलं."

गिरणी सहकारी होती. यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरनं हे घड्याळ चेअरमनना भेट दिलं होतं. त्या भल्या माणसानं ते 'संस्थेची मालमत्ता' म्हणून नोंदवून तिजोरीत ठेवलं. पुढे कापूस गेला, गिरणी गेली, घड्याळ तेवढं राहिलं.

लिलावाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो. आवारात लिंबाखाली टेबल मांडलेलं, मागे तपासनिसासारख्या चेहऱ्याचे एक लिलाव अधिकारी. त्यांनी न खपणाऱ्या वस्तू खपणाऱ्या वस्तूंच्या शेपटीला बांधल्या होत्या. यादीत लिहिलं होतं, 'पाण्याची मोठी लोखंडी टाकी एक, मोडक्या खुर्च्या चार, मनगटी घड्याळ एक, बंद.' सगळं मिळून एकच बोली.

चाचांनी बजावलं होतं, घड्याळाकडे बघायचंसुद्धा नाही, नाहीतर लोकांना वास लागतो. म्हणून मी सगळा वेळ टाकीभोवती घुटमळलो. बोटांनी वाजवून पाहिली. वाकून बूड पाहिलं. एकदा तर आत डोकं घालून "वा!" म्हणालो. ते "वा" आतून तीनदा परत आलं.

तेवढ्यात नऊवारीतल्या एक वयस्क बाई टेबलापाशी गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साहेब, ह्ये घड्याळ चालू हाय का?"

मी टाकी सोडून शेजारच्या माणसाकडे गेलो. चौकशी केली, तर त्या नारायणगडाकडच्या एका लहानशा गावच्या सरपंच होत्या. पंधरा-वीस वर्षं ऊस तोडून आता गावचा कारभार बघत होत्या. दिसायला साध्या, पण घड्याळातलं कळत असणार, अशी माझी खात्री झाली.

बोली सुरू झाली. भंगारवाले दोन हाकांत गळाले. उरलो मी आणि सरपंचबाई. मी हात वर केला की त्या पदर खोचून आकडा वाढवत. त्यांनी वाढवला की मला वाटे, बाईंना नक्की काहीतरी माहीत आहे. आकडा माझा पगार ओलांडून गेला तरी मी थांबलो नाही. लोक गोलाकार जमले. कुणीतरी म्हणालं, "मास्तर पाण्याचा धंदा काढणार बे!"

शेवटी त्या गप्प झाल्या. एकवार, दोनवार, तीनवार. मी जिंकलो.

बाई टाकीच्या सावलीत मटकन बसल्या. मी जवळ गेलो, तर म्हणाल्या, "सर, कावून एवढं ताणलं? माझ्या गावाला टँकर येतो, पण पाणी साठवायला जागा न्हाई. बाया हिरीत वतलेलं गढूळ पाणी शेंदत्यात. आता गावाला काय सांगू?"

"मावशी, तुम्हाला टाकी हवी होती?"

"मंग काय खुर्च्या?"

"आणि घड्याळाची चौकशी केलीत ती?"

"एक वाजता गाडी हाय माझी! किती वाजले ते बघायचं व्हतं."

मी कपाळाला हात लावला. मला टाकी नको होती हे ऐकल्यावर बाई आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदरात तोंड घालून एवढ्या हसल्या की अधिकारी उठून आले. टाकीच्या वाटणीचं गावानं द्यायचं, बाकी मी, असं तिथंच ठरलं. मोडक्या खुर्च्यांवर बसून आम्ही चहा घेतला. त्यांची गाडी अर्थातच चुकली.

चाचांनी घड्याळ उघडलं आणि आतलं एकेक चाक निरखलं. भिंग डोळ्याला तसंच. मग म्हणाले, "सर, बसा आधी." मशीन अस्सल होतं. फक्त तेल वाळलं होतं.

पंधरा दिवसांनी बाईंनी आम्हा दोघा नवराबायकोला गावात बोलावलं. टाकीला रंग दिला होता, हार घातला होता. पहिला टँकर आत रिकामा झाला, आणि भोंग्यावरून जाहीर झालं, "गावासाठी टाकी मिळवायला भर उन्हात झगडलेले आपले सर!" मला फेटा बांधला. मी उभं राहून खरं सांगायला तोंड उघडलं, तर सरपंचबाई शेजारून हळूच म्हणाल्या, "बसा खाली. लोकं खूश हायेत."

परतीच्या एसटीत बायकोनं माझा हात ओढून घड्याळ नीट पाहिलं, कानाशी धरलं. मग माझ्या मनगटावरून काढून स्वतःच्या हातात घातलं. पट्टा तिला ढिला होत होता. अंबाजोगाई येईपर्यंत मी वाट पाहिली. परत काही मिळालं नाही. पट्ट्याला दोन नवी भोकं तिनं दुसऱ्याच दिवशी पाडून आणली.