आमचं कुलदैवत नक्की कोणतं?

आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि तिनं एकच हट्ट धरला, आधी कुलदैवताला जाऊन यायचं. डॉक्टरही "सावकाश नेऊन आणा" म्हणाले, म्हणजे माझी सुटका नव्हती. गाडी मीच चालवते. दादा शेजारी बसून न विचारता रस्ता सांगतो.

"कुलदैवत कोणतं आपलं?" कोल्हापुरात राजारामपुरीतून निघतानाच मी विचारलं.

"जोतिबा. ह्यात काय विचारायचं?" दादाच्या मोबाईलवर आणि दुकानाच्या पाटीवर जोतिबाच आहे, त्यामुळं मी गाडी तिकडं वळवली.

तुम्ही जाणार असाल तर रविवार सोडून जा आणि जुने कपडे घाला. केर्लीपासून घाट छान आहे, पण वर गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माझी भक्ती आटली होती. देवळाकडं जाताना आई धापा टाकत, प्रत्येक पायरी निरखत उतरत होती. पडायची भीती वाटत असेल, असं मला वाटलं.

आत गुरवांनी विचारलं, "गोत्र?"

दादानं आडनाव सांगितलं.

"आडनाव न्हवं, गोत्र."

दादानं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. "कश्यप म्हणतो," म्हणत गुरव पुढं सरकले. आमच्यासारखे रोज ढिगानं येत असणार.

"जोतिबा म्हणजे शंकर की विष्णू रे?" बाहेर आल्यावर मी दादाला विचारलं.

"जोतिबा म्हणजे जोतिबा," तो म्हणाला आणि गुलालानं माखलेला स्वतःचा फोटो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला.

खाली उतरून मिसळीचा पहिला घास घेतला, तोच फोटो बघून शिरोळच्या आण्णाकाकांचा दादाला फोन. "आरं, तिकडं कशाला गेलासा? आपल्या कुळाचा द्येव हितं हाय की, आमच्या मळ्यात."

"मग मी जन्मभर जोतिबाला जातोय ते?"

"जा की. कोण न्हाय म्हणतंय? पर कुळाचा न्हवं त्यो."

दादाचं तोंड बघवत नव्हतं. आईनं मात्र तोंड पुसलं आणि "चला" म्हणाली. मला रडू यायचं बाकी होतं. हातकणंगल्यापासून उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत निघालो. पुढं जयसिंगपूरला चहा चांगला मिळतो, तेवढाच काय तो आधार.

मळ्यात कडुलिंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता. "नाव काय देवाचं?" मी विचारलं.

"द्येव हाय. नाव कशाला पायजे?" आण्णाकाका म्हणाले.

"ह्याला दहीभात लागतो," काकू म्हणाल्या. काकांचं म्हणणं, कोंबडा. दोघांची तिथंच जुंपली. दादा गुलालाची पिशवी धरून उभा होता, उधळू की नको ते त्याला कळेना.

आई देवाकडं बघतच नव्हती. समोर पायरी म्हणून जात्याची फुटकी तळी, म्हणजे खालचा दगड, पुरलेली होती, तिच्यावर तिनं हात ठेवला. "हेच," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर सासूबाईंनी आणलंतं मला. पदर नाकापर्यंत. वर बघायची सोय नव्हती. एवढी पायरीच दिसली होती बघा."

मग तिनं मान वर करून दगडाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. काका-काकूंचं भांडण थांबलं. आईनं जोतिबाचंच उरलेलं खोबरं तिथं ठेवलं आणि मला म्हणाली, "आता घाला मला कापायला."

आई आता घरी आहे, दोन खोल्यांत फिरते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. देवाचं नाव अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. गोत्रही नाही. दादाची पाटी आहे तशीच आहे, आणि त्यावरून मी त्याला छळायचं सोडलंय. कारण ऑपरेशनला तिला आत नेलं तेव्हा माझेही हात जोडले गेले होते, आणि डोळ्यांसमोर आली ती जात्याची फुटकी तळी.