लाल कठड्याची विहीर

आमच्या आर्वीतल्या गल्लीच्या तोंडाशी नगरपरिषदेची एक विहीर आहे. यंदा दुष्काळात नळ कोरडे पडले तेव्हाही तिच्यात पाणी होतं; फक्त ते पिण्यासारखं नव्हतं. तपासणी झाली आणि नगरपरिषदेने कठडा लाल रंगवून टाकला. लाल म्हणजे पिऊ नका, एवढं सगळ्यांना कळलं. त्या विहिरीबद्दल मला नीट कळलेली ती शेवटची गोष्ट.

शेजारच्या मावशींच्या घरी तान्ही नात. सुनेचं दूध पुरत नाही, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून बाटलीने पाजायची. सावंगीच्या डॉक्टरांनी बजावलं की त्या विहिरीत शेतांतल्या खताचा अंश उतरला आहे, ते पाणी लेकराला अजिबात देऊ नका. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, खत तेवढंच राहतं. मावशींनी आयुष्यभर पाण्याबद्दलच्या सगळ्या शंका चुलीवर ठेवून मिटवल्या होत्या.

"भाऊ, उकळलं त आणखी बिघडते म्हणे," त्या मला म्हणाल्या. "मंग चूल कायले हाय?"

मी बरंच वाचलेला माणूस असल्यामुळे त्यांना कॅनवाल्याचा नंबर दिला. नातीसाठी कॅनचं पाणी विकत येऊ लागलं.

मग पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राला निधी मंजूर झाला. यंत्र आलं नाही, मंडप आला. फोटोत लाल कठडा बरा दिसणार नाही, म्हणून आदल्या दिवशी त्यावर चुना फासून निळ्या लाटा काढल्या. बायकांनी विहिरीची ओटी भरली, नारळ फुटला आणि रीतीप्रमाणे विहिरीचंच पाणी तीर्थ म्हणून फिरलं. प्रमुख पाहुण्यांनी ते तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि केसांवरून फिरवलं. मग टेबलावरची सीलबंद बाटली उघडून ते जलसमृद्धीवर बोलले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर रांग. लाल रंग गेला, निधी आला, पूजा झाली. पाणी शुद्ध व्हायला आणखी काय लागतं?

आता पोरीला हे चालेल का, असं मावशींनी विचारलं. छातीठोकपणे नाही म्हणवेना, म्हणून मी नगरपरिषदेत गेलो. यंत्र यायचं आहे, पाणी होतं तसंच आहे, असं बाबूंनी सांगितलं. मग कठडा पुन्हा लाल करा, म्हटलं. तर म्हणाले, शुद्धीकरण मंजूर झालेल्या विहिरीला अयोग्य कसं म्हणायचं? पलीकडच्या टेबलावरून अभियंता म्हणाले, अयोग्य नसेल तर शुद्धीकरणाचा निधी कशाचा? मला दोघांचंही पटलं. दोघांनी मिळून चहा पाजला. तो कोणत्या पाण्याचा, हे विचारायचं राहिलं.

हे सगळं मी मावशींना समजावू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मंडपातल्या त्या साहेबानं पेलं का?"

"नाही. केसांना लावलं."

"मंग झालं."

त्यांनी तुळशीच्या ओट्याला लावायचा गेरू कालवला आणि चुन्यावरच्या निळ्या लाटांवर हाताने थापून कठड्याची पुढची बाजू लाल केली.

सकाळी तिथे जास्वंदीचं फूल आणि उदबत्ती. गेरू पाहून लोकांना वाटलं, कोणीतरी देव बसवला. आता पाणी भरण्याआधी जो तो हात जोडून तीर्थ घेऊ लागला. मावशी उभ्या राहून एकेकाला सांगत होत्या, देव नाही, मी लावलं आहे. लोक त्यांनाही नमस्कार करत होते.

तेवढ्यात सून नातीला खांद्यावर घेऊन आली. तिनेही बादलीत बोट बुडवलं आणि लेकराच्या ओठांकडे नेलं. मावशींनी तिचं मनगट धरलं.

"तीर्थ हाय नं आई," सून म्हणाली.

"तीर्थच हाय. डोक्याले लाव."

सुनेने ओलं बोट नातीच्या जावळाला पुसलं. घरी बाटलीत कॅनचं पाणी होतं. ते कुठल्या बोअरचं, हे मी कॅनवाल्याला अजून विचारलेलं नाही.