रायफल की शॉटगन, विचारा वाघमारेबाईंना

डेलने स्वतःचा झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, टाकला, चार प्रश्नांची उत्तरं दिली आणि बटण दाबलं. स्क्रीनवर हिरव्या चौकोनात उत्तर आलं : 'हरणाच्या शिकारीसाठी तुमची योग्य निवड – रायफल.'

सकाळचे आठ वाजले होते. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या ऑफिसात, मीटिंग रूममध्ये आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझी बॉस वेई लिंग आणि टेस्टिंग बघणारा हाफिज. डेल अमेरिकेत होता, त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. तो आमचा क्लायंट. मक्याच्या सपाट शेतांच्या मुलखात त्याची शिकारीच्या सामानाची सात दुकानं आहेत. आमचा टूल त्याच्या वेबसाइटवर बसणार होता. गिऱ्हाइकाने प्रश्नांची उत्तरं द्यायची, टूलने बंदूक सुचवायची.

डेलने ते उत्तर मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, "तुमच्या मशीनने मला आत्ताच कायदा मोडायला सांगितलं."

वेई लिंगने माझ्याकडे पाहिलं. मी हाफिजकडे पाहिलं. हाफिजने कॉफीत पाहिलं.

"आमच्या काउंटीत हरणावर रायफल चालत नाही," डेल म्हणाला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत नाही. इथलं शाळेतलं पोरही सांगेल. सीझन पाच आठवड्यांवर आलाय. मिस वाघमारे, निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

माझ्याकडूनच का, ते सांगायला हवं.

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. क्लायंटला काय हवंय ते खोदून खोदून विचारायचं आणि प्रोग्रामरना कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं, हे माझं काम. सोळा वर्षं करतेय. बँका केल्या, इन्शुरन्स केला, एकदा मांजरांच्या खाण्याची वेबसाइट केली. मी मांजर कधी पाळलेलं नाही, पण त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

या वेळी विचारलं. म्हणजे डेलने प्रपोजलच्या आधीच विचारलं होतं की तुमच्या टीममध्ये शिकारीतलं कोणाला कळतं का. वेई लिंगला एक टीम लंच आठवलं. त्या लंचला तिने माझ्या आडनावाचा अर्थ विचारला होता आणि मी सांगितला होता, वाघाला मारणारे. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या होत्या. "नवऱ्याच्या पूर्वजांपैकी कुणी मारला असेल," मी पुढे म्हणाले होते. "माहेरची मी शेळके." हे दुसरं वाक्य तिच्या लक्षात राहिलं नाही. प्रपोजलच्या चौथ्या पानावर तिने लिहिलं : 'आमच्या प्रमुख अ‍ॅनालिस्टच्या घराण्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीची परंपरा आहे.'

मला हे कळलं ते पहिल्या कॉलवर. डेलने अतिशय आदराने विचारलं की वाघासाठी तुमच्याकडे कुठलं कॅलिबर, म्हणजे किती जाडीची गोळी, वापरायचे. मी म्हणाले, "ते फार जुनं आहे." ते खोटं नव्हतं.

कॉल संपल्यावर मी वेई लिंगच्या केबिनमध्ये गेले. ती म्हणाली, "प्रपोजलमध्ये सगळेच थोडं थोडं लिहितात, वर्षा. तू शिकून घेशील. मांजरांचं नाही का शिकलीस?"

शिकायचं म्हणजे वाचायचं. मी वाचायला लागले. पाचव्या दिवशी आमच्या आयटी सिक्युरिटीचा ईमेल आला. तुमच्या लॅपटॉपवरून 'रायफल की शॉटगन' हे एकोणीस वेळा सर्च झालं आहे, कारण कळवावे. फॉर्ममध्ये तीन पर्याय होते : वैयक्तिक, ऑफिसचे काम, चुकून. मी ऑफिसच्या कामावर टिक केलं. खाली 'थोडक्यात खुलासा' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'हरणांसाठी.' फॉर्म परत आला आणि माझा सर्च बंद झाला. शेवटी वेई लिंगने स्वतः जाऊन सांगितलं तेव्हा सर्च चालू झाला, पण आयटीच्या मजल्यावरच्या दोन बायका लिफ्टमध्ये माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या.

घरी, चोआ चू कांगला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने जेवताना विचारलं की तू काय करतेस हल्ली. मी सांगितलं. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बट द डिअर नेव्हर डू एनीथिंग, व्हॉट." नवऱ्याने तिच्या पानात आणखी भेंडी वाढली. मीही तेच केलं.

आता चूक कशी झाली ते. सिंगापुरात मुलांना अठराच्या आसपास दोन वर्षं लष्करी सेवा करावी लागते. तिला एनएस म्हणतात. त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या इथे वाढलेल्या झाडून सगळ्या पुरुषांनी रायफल चालवलेली आहे. शॉटगन कुणी चालवलेली नाही. मी दोन्ही बंदुकांचा तक्ता केला आणि हाफिजला विचारलं.

"रायफल लाह," तो इथल्या पद्धतीने 'लाह' जोडत म्हणाला. "लांब जाते, सरळ जाते. मला मार्क्समन बॅज होता, नेमबाजीचा."

"कशावर नेम मारायचास?"

"पुठ्ठ्यावर."

बाकीच्यांनीही रायफलच सांगितलं. तक्त्यात मी शॉटगनपुढे लाल अक्षरात लिहिलं, 'पल्ला कमी.' रायफलपुढे हिरव्यात, 'पल्ला लांब.' गणित त्याच्यावर बसवलं. झिप कोड आम्ही फक्त जवळचं दुकान दाखवायला विचारत होतो. कुठल्याही माणसाने काहीही उत्तर दिलं तरी आमचा टूल रायफलकडेच जात होता, आणि हाफिजच्या टेस्टिंगमध्ये ते बरोबरच वाटत होतं, कारण त्यालाही तेच हवं होतं.

तर असा तो डेमो. डेलने डोळे चोळले. तो रागीट माणूस नव्हता. म्हणाला, "मी एक करतो, इथून शॉटगनची दोन-चार काडतुसं कुरिअर करतो. हातात घेऊन बघा, म्हणजे फरक कळेल."

"नको," आम्ही तिघं एकदम म्हणालो. इथे पार्सलमध्ये एक काडतूस निघालं तरी तोआ पायोहपासून पोलिसांपर्यंत थेट प्रवास असतो, परतीचा बेभरवशाचा. हाफिजने त्याला ते जरा सभ्य भाषेत समजावलं.

"मग मार्लीनशी बोला," डेल म्हणाला. "ती आमच्या जुन्या दुकानात काउंटरवर असते. एकतीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी मार्लीनबाईंना व्हिडिओवर भेटले. साठीच्या पुढच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, मागे भिंतभर बंदुका. त्यांनी पहिलंच विचारलं, "डेल म्हणतो तुम्ही वाघवाल्या. खरंच?"

मी आदल्या दिवसापासून ठरवून बसले होते. "मार्लीनबाई, मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. वाघ फक्त आडनावात आहे, तोही लग्नानंतर आलेला."

त्या हसल्या. बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. ज्यांना सगळं माहीत असतं त्या गिऱ्हाइकांनी माझं डोकं उठतं. विचारा काय ते."

"गिऱ्हाइकाला तुम्ही पहिला प्रश्न कुठला विचारता?"

"कुठे जाणार."

"दुसरा?"

"हरीण चुकलं तर गोळी कुठे जाईल."

मी लिहिता लिहिता थांबले. "आणि लागलं तर?"

"लागलं तर ती हरणात आहे. तिची काळजी मी कशाला करू?"

मग त्यांनी मला शांतपणे सगळं सांगितलं. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून ती लांबवर सरळ जाते. डोंगराळ भागात ते ठीक, चुकलेली गोळी टेकडीत शिरते. सपाट मुलखात टेकडीच नाही. चुकलेली गोळी मैलभर किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते, आणि मैलभरात कुणाचं तरी घर असतं, रस्ता असतो, शेतात ट्रॅक्टरवर माणूस असतो. शॉटगन मुळात पक्ष्यांसाठी, तिच्यातून मूठभर छर्रे उडतात. पण हरणासाठी तिच्यात छर्ऱ्यांऐवजी शिशाचा एकच जाड गोळा घालतात. त्याला स्लग म्हणतात. तो शंभरेक पावलांपर्यंत नीट काम करतो. पुढेही जातो, पण रायफलच्या गोळीच्या मानाने लवकर खाली येतो. म्हणून अशा काही भागांत नियमच आहे, हरणाला शॉटगन आणि स्लग. नियम जागेप्रमाणे वेगळे, काही ठिकाणी अलीकडे ठरावीक रायफली चालायला लागल्यात, म्हणून दर वर्षी नवीन नियमपुस्तिका बघायची.

म्हणजे मी ज्याच्यापुढे लाल अक्षरात 'पल्ला कमी' लिहिलं होतं, त्याच गुणासाठी तिकडे लोक शॉटगन घेत होते.

"आणखी एक," मार्लीनबाई म्हणाल्या. "तुमच्या यादीत हरणाखाली पक्ष्यांचे बारीक छर्रे दिसतात. ते काढा. त्याने हरीण मरत नाही. जखमी होऊन पळतं, आणि कुठेतरी झाडीत तीन-चार दिवस पडून राहतं. तुम्हाला शिकार आवडत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग हे तर नक्कीच नीट करा."

त्या यादीत ते छर्रे मीच टाकले होते. स्वस्त होते, म्हणून वर. कॉल संपायच्या आत मी ती ओळ काढली. त्या दिवशी काम करताना मला पहिल्यांदाच हरीण दिसलं. आधी नुसता तक्ता दिसत होता.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या शेडमध्ये, मी वेई लिंगला हे समजावायला बसले. तिला पल्ल्याचं काही झेपेना. हाफिजने बबल टीची जाड स्ट्रॉ घेतली, एक काळा साबुदाण्याचा मोती त्यात घातला आणि जोरात फुंकला. मोती पलीकडच्या टेबलापर्यंतही पोचला नाही, मध्येच फरशीवर पडला.

"एवढंच?" वेई लिंग म्हणाली.

"एवढंच," हाफिज म्हणाला. "त्या टेबलावरच्या काकांना विचार, याहून लांब गेलेला त्यांना चालला असता का."

तिला कळलं. पण खरी अडचण पुढे होती. मी प्रश्नांची नवी यादी लिहिली. पहिला, जागा. दुसरा, नेम चुकला तर गोळी कुठे जाईल? त्याला चार पर्याय : मागे टेकडी आहे, मोकळं शेत आहे, घर किंवा रस्ता आहे, माहीत नाही. शेवटच्या दोन्हींवर टूल काहीच सुचवणार नव्हता. नुसता म्हणणार होता, 'आत्ता काही घेऊ नका. आधी जागा बघून या, मालकाला विचारा.'

वेई लिंगने ते दोनदा वाचलं. "गिऱ्हाइकाला घेऊ नका असं सांगणारा विक्रीचा टूल?"

"हो."

"आपल्याला कन्व्हर्जन मोजायचंय, वर्षा." कन्व्हर्जन म्हणजे वेबसाइटवर आलेल्या लोकांपैकी किती जणांनी खरेदी केली. आमचं कॉन्ट्रॅक्ट वाढणं त्याच्यावर होतं, आणि त्या टीममधल्या सहा जणांचं पुढचं वर्ष कॉन्ट्रॅक्टवर. "निदान 'माहीत नाही' हा पर्याय काढ. कुणी तरी काही तरी निवडेल."

"तेच होईल. काही तरी निवडतील."

तिने यादी माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाली, "डेलला तूच सांग. घराण्याची परंपरा तुझी आहे."

दोन आठवड्यांनी पुन्हा डेमो झाला. या वेळी कॉलवर मार्लीनबाईही होत्या. डेलने स्वतःचा झिप कोड टाकला. 'शॉटगन, स्लगसह' असं उत्तर आलं. त्याने मान हलवली. मग परत मागे जाऊन मुद्दाम 'माहीत नाही' निवडलं. स्क्रीनवर बंदूक नाही, किंमत नाही, नुसतं ते वाक्य.

"काहीच विकत नाही हा," डेल म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत मार्लीनबाई म्हणाल्या, "डेल, मी एकतीस वर्षं अशी माणसं दुकानाबाहेर पाठवते. जागा बघून ती परत येतात."

"मला हे कधी कुणी सांगितलं नाही."

"तू कधी काउंटरवर उभा राहिला नाहीस."

डेलला दुकानं वडिलांकडून मिळालेली. तो जरा लाल झाला. मग म्हणाला, "ठीक आहे. ठेवा." आणि कॉल संपवायच्या आधी, "मिस वाघमारे, वाघाचं मार्लीनने सांगितलं मला."

"सॉरी, डेल."

"असू दे. माझं आडनाव बेकर आहे. मला टोस्टसुद्धा धड भाजता येत नाही."

वेई लिंग टेबलाखाली काहीतरी शोधत होती.

सीझनच्या आधी टूल चालू झाला. पहिल्या आठवड्यात मार्लीनबाईंचा ईमेल आला. एक माणूस तणतणत दुकानात आला होता. रायफल चालते अशा भागात तो दर वर्षी शिकारीला जायचा, नवी रायफल घ्यायची होती, आणि वेबसाइट त्याला घेऊच देत नव्हती. त्याने 'माहीत नाही' निवडलं होतं, कारण त्याला खरंच माहीत नव्हतं. बाईंनी त्याला जागा बघायला पाठवलं. तो चार दिवसांनी परत आला तेव्हा आवाज खाली आलेला होता. झाडीच्या मागे, जिथे तो इतकी वर्षं नेम धरायचा, तिथे उन्हाळ्यात नवीन घर झालं होतं. अंगणात मुलांची घसरगुंडी होती. पानं गळेपर्यंत इकडून दिसलंच नसतं. त्याने बसायची जागा बदलली आणि शॉटगन घेऊन गेला.

मी तो ईमेल वेई लिंगला पाठवला. तिने लगेच विचारलं, "त्याने दुकानात घेतली, वेबसाइटवर नाही. मग हे कन्व्हर्जन धरायचं का?"

"धर," मी म्हणाले.

कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाने वाढलं. डेलच्या म्हणण्याप्रमाणे विक्री होती तेवढीच राहिली, फक्त परत येणाऱ्या बंदुका कमी झाल्या. प्रोजेक्ट संपल्यावर आम्ही 'काय शिकलो' असं एक पान भरतो. हाफिजने लिहिलं, 'पुठ्ठ्यावरचा अनुभव धरू नये.' मी माझ्या रकान्यात लिहिलं, नेम लागला तर काय होईल हे क्लायंट आपणहून सांगतो. चुकला तर काय होईल हे विचारायचा मला पगार मिळतो.